एकदा तळी भरा

संत तुकाराम नगर, पिंपरी
११ जानेवारी १९७६

प्रिय सुमन,
सप्रेम जयभीम.

आज रविवारचा वर्ग मी लवकर सोडला. विहारात बायकांना वंदनेचा अर्थ सांगत होते. पाली शब्द त्यांना पाठ असतात, मी त्यांचं मराठी करून सांगते. पण आज माझंच बोलणं माझ्या कानापर्यंत येईना. घरी एक प्रश्न खाटेवर निजलेला होता. तो तुझ्याशिवाय मी कुणाला विचारणार?

सासूबाई, आमच्या भिमाबाई, आता उठत नाहीत. डॉक्टर म्हणाले, दुखणं असं काही नाही, दिवा मंदावतोय. खातील ते द्या, मागतील ते द्या. मी म्हटलं, मागण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं असेल असं वाटत नाही. पण परवा सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “कस्तुरे, येकदा तळी भरा.”

तुमच्या मराठ्यांच्या घरांतही तळी भरतात, पण तुझं बालपण पुण्याच्या कॅम्पात गेलं, म्हणून सांगते. ताटात खोबरं, पानसुपारी आणि भंडारा ठेवायचा. पाच पुरुषांनी भोवती बसून ते ताट मिळून उचलायचं आणि खंडोबाच्या नावाने आरोळी द्यायची. एवढंच.

पण आमच्या घरात ते एवढंच नसतं. छप्पनच्या दीक्षेनंतर ह्याच सासूबाईंनी खंडोबाचा चांदीचा टाक पवनेत सोडला. “माहेरास्नं मीच आणला व्हता, मीच सोडीन,” म्हणाल्या आणि मागे वळून पाहिलं नाही. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या त्यांच्या शेजारी उभ्या राहून. आणि ह्याच खंडोबाच्या नावाने त्यांची थोरली बहीण गिरजाबाई हिला खेळण्याच्या वयात मुरळी म्हणून सोडलं होतं. तिचं पुढे काय झालं, ते ह्या घरात कुणी बोलत नाही.

मी त्यांना म्हटलं, “आत्या, टाक तुम्हीच सोडलात ना?”

“सोडला तो सोडला. देव न्हाई मागत मी. आरोळी आयकायचीय. माजा बाप द्यायचा, पार वेशीपतुर जायची.”

“आणि गिरजाआत्या?”

त्यांनी माझ्या हातातली फणी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तिला देवानं न्हेलं न्हाई. बापानं दिलं.” आणि त्याच बापाची आरोळी त्यांना ऐकायची आहे! थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “पाच जण न्हाई गावले तर तिघं चालत्यात. देवाला येवढा माज न्हाई.” मला हसू आलं, आणि लगेच गेलं.

भीमराजांना विचारलं. (पत्रात मी नवऱ्याला नावाने लिहिते ह्याचं तुला अजून कौतुक वाटतं ना?) ते सेकंड शिफ्टला निघाले होते, खाली वाकून बूट बांधत होते. वाकलेलेच म्हणाले, “धम्म मला तू समजावलास. तू ठरव.” ते विहार समितीचे सेक्रेटरी आहेत. त्यांच्या घरात तळी उचलली तर काय होईल, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

शाळेत आपण किती भांडायचो ते आठवतं? तू म्हणायचीस, धर्म म्हणजे आंधळ्याची काठी. मी म्हणायचे, डोळेही असू शकतात. सिस्टर अगाथा वाद ऐकत स्वेटर विणायच्या आणि शेवटी दोघींनाही कमी मार्क द्यायच्या. मी बटलरची मुलगी आणि तू डॉक्टरची, एका बाकावर बसून देवाचा न्याय करत होतो, ह्याचीच त्यांना मजा वाटत असणार.

आता तो वाद माझ्या घरी येऊन बसलाय. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मनापासून लिही. मी त्याप्रमाणे करीन.

तुझी,
कस्तुरा

*

इंदूर
२४ जानेवारी १९७६

प्रिय कस्तुरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भिमाबाईंनी मला एकदा ज्वारीच्या गरम भाकरीवर लोणी घालून दिलं होतं, ते डोळ्यांपुढे आलं. उत्तर देणं म्हणून सोपं नाही. पण तू मनापासून लिही म्हणालीस.

मी नाही म्हटलं असतं. प्रेमाने, त्यांचा हात हातात घेऊन, पण नाहीच म्हटलं असतं.

आमच्यात तत्त्वज्ञान कमी आहे का? डोंगराएवढं आहे. पण ते पोथीत राहतं. उंबऱ्याच्या आत येतात ते नवस, सोवळं आणि भीती. तुम्ही मात्र विचार करून धर्म घेतलात, आणि घेताना केवढं सोडलंत. जगात धर्माला काही शहाणपण असेल, तर ते अशाच घरात दिसलं पाहिजे. माझ्या ओळखीत असं एकच घर आहे, कस्तुरा, आणि ते तुझं आहे.

त्या आवाजाला भुलू नकोस. आवाज गोड असतो, म्हणूनच तर माणसं फसतात. ज्या आरोळीत गिरजाबाईंचं रडणं बुडालं, तीच आरोळी तू तुझ्या घरात उठवणार? आणि पुढच्या रविवारी त्या बायकांना काय सांगशील? ह्या वेळी चालतं, आपल्या माणसासाठी चालतं, असं? मग प्रत्येकीचं कुणीतरी आपलं माणूस असतंच.

ह्यांची तब्येत जरा नरम आहे. काळजीचं काही नाही. घरात माणसांची ये-जा आहे, म्हणून पत्र तुटक झालं. रागावू नकोस.

तुझी,
सुमन

*

पिंपरी
१५ फेब्रुवारी १९७६

प्रिय सुमन,

सांगितलं मी त्यांना. तुझं पत्र आलं त्याच दिवशी नाही सांगता आलं. दोन दिवस पत्र पदराला बांधल्यासारखं घेऊन फिरत होते.

तू लिहिलंस तसा हात हातात घेतला. म्हटलं, “आत्या, तळी नाही भरता येणार. आपण ते सोडलंय. पण मी रोज तुमच्याजवळ बसून वंदना म्हणेन, अर्थही सांगेन.” आणि सांगितलासुद्धा. जे जन्मतं ते जातं, धरून ठेवलं की दुखतं, सोडलं की शांत वाटतं. मी चांगलं सांगते, सुमन. वर्गातल्या बायका डोळे पुसतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “लई शाण्याची गोष्ट हाय. पर मी शाणी न्हाई गं. म्हातारी हाय.”

आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून त्या मागत नाहीत. जेवण पुढे केलं की दोन घास खातात, मी वंदना म्हटली की हात जोडतात. तक्रार नाही, रुसवा नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणं म्हणून राहावं तशा राहतात. हे मला सोसत नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या त्यांना छान येतात.

भीमराज संध्याकाळी त्यांच्या पायथ्याशी बसतात, पाय चेपतात. मी काय सांगितलं ते त्यांना कळलं, तेव्हा फक्त “बरं” म्हणाले. मला वाटलं, सुटले बिचारे. तत्त्व राखलं गेलं.

मी बरोबर केलं ना? तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते, ‘मी नाही म्हटलं असतं’. त्याच्यावर उभी आहे मी. दादासाहेबांची तब्येत कशी आहे? तू नीट लिहीत नाहीस.

तुझी,
कस्तुरा

*

इंदूर
२ मार्च १९७६

प्रिय कस्तुरा,

तू अगदी बरोबर केलंस. शंका घेऊ नकोस. त्यांचं मन आज ना उद्या निवळेल, आणि नाही निवळलं तरी तू त्यांना खोटं काही दिलं नाहीस, एवढं समाधान तुझ्याजवळ राहील.

हे बरे आहेत. खरंच. सविस्तर मागाहून लिहीन.

तुझी,
सुमन

*

पिंपरी
४ एप्रिल १९७६

प्रिय सुमन,

आत्या गेल्या. गुढीपाडव्याच्या आधीच.

शेवटी बोलणं सुटलं होतं. सकाळची वेळ होती. नळाला पाणी आलेलं, बाहेर बायकांची हंड्यांवरून वादावादी चाललेली. त्यांनी मान जरा उचलली, कान दिल्यासारखी. मी म्हटलं, “पाणी आलंय आत्या, बायका भांडतायत.” त्यांनी मान खाली ठेवली. बाहेरचा गलका त्यांना दुसरंच काही वाटला असेल का, हे मी विचारायला नको होतं स्वतःला, पण विचारलं.

विहारातली सगळी माणसं आली. समितीच्या खंडूभाऊंनी खांदा दिला, चिमाजीभाऊ मुलासारखे रडले. सगळं आपल्या पद्धतीने, साधेपणाने झालं. भीमराज एकदाही रडले नाहीत. कामावर चौथ्या दिवशी गेले. जाताना आईच्या खाटेची गादी स्वतः उन्हात टाकून गेले.

एवढ्या सगळ्यात मला तुझा आधार होता. मी एकटीने ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आपण दोघींनी म्हटलं होतं, असं वाटायचं. तू लांब असूनही त्या खोलीत होतीस.

लवकर लिही.

तुझी,
कस्तुरा

*

पिंपरी
२३ मे १९७६

सुमन,

तुझं पत्र आलं नाही. आले ते तुझे दीर, बबनराव.

काल दुपारी फर्स्ट शिफ्ट संपवून चिंचवडहून सरळ आमच्याकडे आले. नुकतेच इंदूरला जाऊन आले होते. पिशवीतून केळीच्या पानाची पुडी काढली. “ताई, प्रसाद आणलाय. आता तुमच्यात चालतो की नाही मला ठाऊक नाही, पण वहिनींची एवढी जिवाभावाची मैत्रीण, म्हणून आणला.”

मी विचारलं, कसला प्रसाद.

“अहो, उद्यापनाचा! वहिनींचे सोळा सोमवार पुरे झाले. दादा उठून बसला, भात-आमटी जेवला. काय केलं नाही म्हणून विचारा त्या बाईनं. दिवाळी झाली आणि दादा पडला, तेव्हापासून आतली खोली गुरुजींनाच देऊन टाकली होती. जप, अभिषेक, नवग्रहशांत. धूर इतका, की दादा मला म्हणाला, बबन, मी दुखण्यानं नाही, ह्या तुपाच्या वासानं मरणार.”

ते मोठ्याने हसले. मीही हसले असेन. चहा ठेवायला आत गेले आणि बोटांवर महिने मोजू लागले.

दिवाळीपासून. म्हणजे मी तुला विचारलं तेव्हा, आणि तू ‘मी नाही म्हटलं असतं’ लिहिलंस तेव्हाही.

दादासाहेब बरे झाले, ह्याचा मला आनंद आहे. हे मी दात आवळून लिहीत नाही, खरंच आहे. पूजा केलीस ह्याचाही राग नाही. नवरा अंथरुणावर असताना बाई काय काय करते, ते मी जाणत नाही का? पण तुझ्या घरात घंटा वाजत होती आणि तू मला सांगत होतीस की आवाजाला भुलू नकोस.

आत्यांना काय हवं होतं, सुमन? खोबऱ्याचे दोन तुकडे आणि चिमूटभर हळद.

कस्तुरा

*

इंदूर
१० जून १९७६

प्रिय कस्तुरा,

खोटं बोलून आता उपयोग नाही, आणि क्षमा मागितली तर तू पत्र फाडशील. तुला मी ओळखते.

ज्या दिवशी तुला उत्तर लिहिलं, त्या दिवशी आतल्या खोलीत जप चालला होता. मी बाहेर ओसरीवर बसून लिहीत होते. माझा त्या जपावर विश्वास नव्हता, आजही नाही. हे डॉक्टरांच्या औषधाने उठले, हे मला कळतं. पण रात्रंदिवस ते कण्हत असताना मला रिकाम्या हातांनी बसवेना. सासरच्यांनी सुचवलं, मी हो म्हटलं. मग दुसरं सुचवलं, त्यालाही हो म्हटलं. आपल्या शाळेतली सुमन कुठे गेली ते मलाच कळेना.

आणि त्यात तुझं पत्र आलं. तू विचारलंस, तू काय केलं असतंस. मी काय करत होते ते समोर दिसत होतं. ते लिहायला हात उचलला नाही. मला वाटलं, मी टिकले नाही, पण कुठेतरी ते टिकू दे. सिस्टर अगाथांच्या वर्गात आपण जे बोलत होतो, ते निदान एका घरात खरं असू दे. तुझ्यात ती ताकद आहे असं मला नेहमीच वाटत आलंय. मी ते फसवायला लिहिलं नाही गं. ती माझी तुझ्याबद्दलची श्रद्धाच होती. तुझ्याइतकं कुणाला मी कधी मानलं नाही.

भिमाबाईंबद्दल काय लिहू? दोनदा लिहायला घेतलं, ते खोडलं.

पुढच्या महिन्याच्या शेवटी बबनरावांच्या नातवाचं जावळ आहे. मी चिंचवडला येणार आहे. एक दिवस तुझ्याकडे येऊ का? नको म्हणालीस तरी तो तुझा हक्क आहे.

सुमन

*

पिंपरी
११ जुलै १९७६

सुमन,

उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला.

तू मला मानलंस म्हणतेस. मला ते मानणं नको होतं. तू तुझ्या घरी माणसासारखी वागलीस, घाबरलीस, वाकलीस, आणि मला मात्र पुतळ्यासारखं ताठ उभं राहायला सांगितलंस. आमच्याबद्दल पुष्कळ भली माणसं असंच करतात. त्यांना आम्ही शहाणे हवे असतो, सगळ्यांपेक्षा शहाणे, एक दिवससुद्धा म्हातारे किंवा घाबरलेले नकोत. तुझ्या जुन्या वादाचा पुरावा तुला हवा होता, आणि तो तू माझ्या सासूच्या खाटेवर मांडलास.

पण सगळं तुझ्यावर टाकून मी मोकळी होऊ शकत नाही. काय झालं ते सांगते.

मागच्या रविवारी भीमराज दारात बसून सायकलची साखळी साफ करत होते. त्यांनी विचारलं, “सुमनताईंचं पत्र नाही आलं एवढ्यात?” मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, तुझ्यावर चिडतील. ते साखळीवरून फडकं फिरवत राहिले. मग म्हणाले, “आईनं मलाही सांगितलं होतं, तुझ्या आधी.”

“काय?”

“तळीचं. मी खंडूला आणि चिमाजीला विचारून ठेवलं होतं. खंडू म्हणाला, राव, आईसाठी आहे, देवाला कोण विचारतंय. दोघं यायला तयार होते. दार लावून घेऊ म्हणाले.”

विहार समितीचा अध्यक्ष, सुमन. आणि खजिनदार. आणि सेक्रेटरी. तिघेही.

मी म्हटलं, “मग मला बोलला का नाहीत?”

“तुझ्या होकाराची वाट बघत होतो. म्हटलं, तू हो म्हणशील तर मनावर ओझं राहणार नाही. तू शिकलेली. तू तर एवढं पक्कं बोललीस, की मला माझीच लाज वाटली.” मग माझ्याकडे न बघता, “जाऊ दे. आई काही म्हणाली नसती तुला. तिला तू फार आवडायचीस.”

ते आईसाठी रडले नव्हते, ते आता रडले. हात वंगणाने काळे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मी पदराने पुसले.

धर्मात खरं शहाणपण असतं का, ह्यावर आपण दोघींनी जन्मभर किती शाई घालवली. मी रविवारी बायकांना पहिली गोष्ट कोणती सांगते, माहीत आहे? दुःख आहे. सगळ्यांत आधी तेवढंच म्हटलंय. ते पाहा, नीट ओळखा. कारण आणि उपाय पुढे येतात. माझ्या घरात दुःख खाटेवर पडून माझ्याशी बोलत होतं, बापाची आठवण काढत होतं. ज्या बापाने बहिणीला देऊन टाकलं, त्याच्यावरची माया जात नव्हती, आणि मेल्याशिवाय जाणारही नव्हती. मी आधी ते पाहायला हवं होतं. मी त्याला उत्तर दिलं. पाठ होतं म्हणून दिलं, आणि तुझा पाठिंबा होता म्हणून ठणकावून दिलं. शहाणपण नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते पहिल्याच वाक्यात होतं, आणि मी त्याला ओलांडून पुढे गेले.

तळी भरायला हवी होती, असंही मी आज छातीठोक म्हणत नाही. गिरजाबाईंची आठवण मला तेव्हाही टोचली असती. कदाचित मी आतल्या खोलीत जाऊन बसले असते आणि पुरुषांना म्हटलं असतं, तुमचं तुम्ही करा. कदाचित आत्यांना जवळ घेऊन नुसती बसले असते आणि त्यांच्या बापाची गोष्ट सगळी ऐकली असती, ती तरी. ठरवणं माझं होतं. माझ्या घरातलं माणूस मी पाहायचं सोडून इंदूरला पत्र टाकलं. आणि तिथून जे आलं, ते तुझंही नव्हतं.

वर्ग चालू आहे. मी सोडला नाही. हल्ली कमी बोलते एवढंच.

तू ये. चिंचवडहून बस सोयीची आहे, आणि भीमराज तुला स्टॉपवर घ्यायला येतील. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, ते तसेच आहेत. माझ्या मनात आहे, आणि तू आल्यावर जाईल असं मी कबूल करत नाही. तरी जेवूनच जा. शाळेच्या गोष्टी काढू, हसूही कदाचित. दादासाहेबांचं ऐकेन, तुझं सगळं ऐकेन.

मी काय करावं, एवढं मात्र आता तुला कधी विचारणार नाही.

कस्तुरा